डिशवॉशर खरंच लागतो का? घरी, आणि सुटीत भाड्याने घेतलेल्या बंगल्यातही?

टिळकनगरची_ताई (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला टिळकनगरात राहतो. घरात सहा जण : सासूबाई (वय 81), हे, मी, मुलगा, सून आणि चौथीतला नातू. डिशवॉशर घ्यायचा की नाही, यावर तीन महिने घरात बोलणं चाललंय आणि रोज रात्री जेवण झालं की ते नव्याने सुरू होतं. ज्यांनी वापरलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागून राहिली आहे : सुटीला जाताना स्वयंपाकघरासकट घर भाड्याने घेतो, तिथे डिशवॉशर आहे का हे आधी विचारावं का? की एवढी अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे?

सगळं सुरू झालं पचमढीपासून. मागच्या डिसेंबरात आम्ही अकरा जण चार दिवस गेलो होतो. दीर-जाऊ, त्यांची मुलं ग्वाल्हेरहून आली. सासूबाईंना बाहेरचं चालत नाही, लहान मुलं बरोबर, म्हणून हॉटेलऐवजी बंगला घेतला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धूपगडला सूर्यास्त बघायचा होता. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1350 मीटरच्या वर. तिथे जिप्सीने जावं लागतं आणि निघायची वेळ पाळावीच लागते. त्या दिवशी दुपारी मुलांच्या हट्टाने दाल-बाफले केले होते. बाफले म्हणजे कणकेचे उकळून भाजलेले गोळे, त्यात तूप आलंच, ते कुस्करून त्यावर पळीपळीने तूप. अकरा ताटं, बावीस वाट्या, दोन कुकर, बाफले उकळलेला मोठा गंज, परात, वरणाचं पातेलं, फोडणीची कढली, चहाचे कप वेगळेच.

पचमढीच्या थंडीत नळाचं पाणी हाताला चावत होतं. जेवून उठेपर्यंत ताटांवर तुपाचा पांढरा थर बसला. साबण लावला तरी तो सुटेना, उलट घासणीलाच चिकटायचा. मग घासणी झाडायची, पुन्हा साबण लावायचा, आणि ताटावरून बोट फिरवलं की बोटाखाली तो मेणचटपणा तसाच. गिझर फक्त न्हाणीघरात होता. तिथून गरम पाण्याच्या बादल्या स्वयंपाकघरात आणायच्या. जाऊबाई घासत होत्या, मी विसळत होते. बाहेर जिप्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही मागून येतो. मागून यायला दुसरी गाडी नव्हती, हे मला माहीत होतं, जाऊबाईंनाही माहीत होतं.

सगळे परत आले तेव्हा अंधार पडला होता. नातवाने धावत येऊन मोबाइलमधला सूर्य दाखवला. जाऊबाई लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पचमढीला आल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो पाहिला, "छान आलाय रे" म्हणाल्या आणि रात्रीची कणीक भिजवायला घेतली.

ते मला विसरता येत नाही. कोणी मुद्दाम आम्हाला मागे ठेवलं नव्हतं, माझे दीर तर अतिशय प्रेमळ आहेत. पण अकरा जणांच्या सुटीत नऊच जणांना सुटी मिळाली, एवढं खरं.

आता घरचं सांगते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई चौदा वर्षांपासून आहेत. मूळच्या अलीराजपूरकडच्या. होळीच्या आधी तिकडे भगोरियाचा आदिवासी मेळा भरतो, तेव्हा दहा-बारा दिवस गावी जातात, आणि जायलाच हवं, वर्षाचा सण आहे तो. या वर्षी त्या दिवसांत रात्रीची भांडी सुनेने केली. ती साडेसातला ऑफिसातून येते. जेवणं आटोपून तिची भांडी सुरू व्हायची तेव्हा दहा वाजलेले असायचे. आणि बाई गावाहून परत आल्या तेव्हा मी पहिल्यांदा नीट त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, अंगठ्याजवळची तर आतून लाल दिसत होती. बारा दिवस साबणापासून लांब राहून थोडी मिटली होती म्हणे. म्हणजे एरवी काय असेल? चौदा वर्षं त्या हातांनी घासलेल्या ताटात मी जेवते आहे.

घरातली मतं अशी. ह्यांचं म्हणणं, पाणी कुठून आणणार? नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, उरलेल्या दिवशी बोरिंग, आणि बोरिंगचं पाणी एवढं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ पडते. सासूबाईंचं म्हणणं, खरकटं स्वयंपाकघरात पेटीत कोंडून ठेवायचं हे मला पटत नाही. त्यांचं मी उडवून लावत नाही, त्या आयुष्यभर रात्री ओटा धुऊनच झोपल्या आहेत. मुलगा म्हणतो घेऊन टाकू. सून काहीच बोलत नाही. आणि माझी अडचण ही, की मशीन आलं तर बाईंचं काय?

दुकानात 14 जणांच्या भांड्यांचं मशीन 46,000 सांगितलं. आपली कढई, कुकर, परात त्यात निघतात का? अनुभव असेल तो लिहा. जाहिरातीतलं नको.

---

सुदामानगर_पाटबंधारे

ताई, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामाला येणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या, तेव्हा आम्ही घेतला. अजून चालू आहे. मी पाण्याच्याच खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून आधी पाण्याचं लिहितो. इंदुरात या मशीनचा सगळा खेळ पाण्यावर आहे.

पाणी किती लागतं हे मी मोजलंय. आमच्या मशीनला एका फेरीला दहा-अकरा लिटर. मावशी तेवढीच भांडी करायच्या तेव्हा वीस लिटरच्या तीन बादल्या जायच्या, आणि त्या काटकसरीने वापरणाऱ्या होत्या. जर्मनीत बॉन विद्यापीठाने युरोपातल्या लोकांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला लावून पाणी मोजलं, तर सरासरी 100 लिटरच्या वर गेली. पण ते लोक नळ सोडून धुतात, आपण बादली भरून. म्हणून तो आकडा आपल्याला लावू नका, आपली बादलीच मोजा. तरीही मशीनला कमीच लागतं. अहो, हे पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढवून येतं. 1978 साली नर्मदा इंदुरात आली तेव्हाचा जल्लोष मी पाहिलाय. त्याआधी हंडे घेऊन रांगेत उभा राहिलोय. बादलीभर पाणी वाचणं ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नाही.

आता जडपणा. मशीनच्या तळाशी मीठ घालायचा एक कप्पा असतो. बऱ्याच जणांना वाटतं मीठ भांडी घासायला. तसं नाही. आत राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम देतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुतले जातात आणि पुन्हा कामाला लागतात. म्हणून मीठ त्या मशीनचंच घ्यायचं, जाड, निव्वळ. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ घालू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते आत बसतं आणि मार्ग बुजवतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाणी किती जड आहे ते मशीनला सांगावं लागतं, बटणांनी. आमच्याकडे बसवायला आलेल्या माणसाने हे केलंच नाही, सांगितलंही नाही. दोन महिने काचेच्या पेल्यांवर पांढरट धूर धरल्यासारखा दिसायचा, आम्ही साबण बदलत बसलो. शेवटी मी पट्टी आणून पाणी तपासलं : नळाचं मध्यम, बोरिंगचं तिपटीने जड. आकडा वर नेला आणि तिसऱ्या दिवशी पेले लख्ख. आरओवाले जो टीडीएसचा मीटर घेऊन येतात त्यावर जाऊ नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, जडपणा वेगळा दाखवत नाही.

तुमच्या घरी दोन्ही पाणी एकाच टाकीत जातं ना? मग बोरिंगचं जडत्व धरूनच आकडा लावा.

टाकी गच्चीवर किती उंच आहे तेही बघा. मशीन तळमजल्यावर असेल तर चिंता नाही. वरच्याच मजल्यावर असेल आणि टाकी डोक्यावर जेमतेम दहा फूट, तर दाब कमी पडतो आणि मशीन पाण्याची वाट बघत उभं राहतं. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो असं धरा, आणि मशीनच्या कागदावर कमीत कमी किती लागतो ते वाचूनच पैसे द्या. सोळा अँपियरचा प्लग लागेल. वीज एका फेरीला सुमारे एक युनिट, कारण ती मुख्यतः पाणी तापवायला जाते.

भांड्यांचं. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, पातेली, कुकरचे आतले डबे : डोळे मिटून घाला. तूप-तेलाची काळजी सोडा. पाणी 60-65 अंशांपर्यंत तापतं, तूप वितळूनच जातं, आणि मशीनच्या साबणात खाराबरोबर पिष्ट आणि प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. म्हणूनच ताटं आधी विसळून घालू नका. खरकटं ओल्या कचऱ्याच्या डब्यात झाडा आणि तशीच लावा.

ॲल्युमिनियम अजिबात नाही. आमचा जुना कुकर मी घातला, काळा पडून बाहेर आला, तो परत उजळला नाही. लोखंडी कढई-तवा नाही, त्यांचं मुरलेलं तेल निघून जातं आणि गंज चढतो. पोळपाट-लाटणं चिरतं. तांब्या-पितळेची कल्हईवाली नाहीत. नॉनस्टिक हातानेच. थोडक्यात, कढई, तवा, कुकरचं भांडं आणि परात ही तुमच्या ओट्यावर राहणारच. परात मावते, पण खालचा अर्धा कप्पा खाते.

एक खास आपल्याकडची गोष्ट. तळाची जाळी दर दोन दिवसांनी काढून धुवा. आमच्याकडे एकदा वरच्या वाट्या कोरड्याच निघायला लागल्या. पाणी फवारणारा पंखा सोडवून बघितला, तर त्याच्या एका भोकात मोहरीचा दाणा रुतलेला आणि दुसऱ्यात कढीपत्त्याचा देठ. टाचणीने काढला. फोडणी करणाऱ्या घरात हे होणारच.

---

रामबागची_आजी

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, माझी भांडी मी घासते. मशीनला नावं ठेवायला लिहीत नाही, पण ताईंचा पचमढीचा प्रसंग वाचून राहवलं नाही.

आमच्या माहेरच्या वाड्यात एकोणीस माणसं एका पंगतीला असायची. माझ्या आजीचा दंडक होता : जो जेवला त्याने आपलं ताट-वाटी-भांडं मोरीवर न्यायचं, राखेने घासायचं, विसळायचं, पालथं घालायचं. पुरुषांनीसुद्धा. माझे एक काका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, तेही धोतर वर खोचून मोरीशी बसायचे. चाळीस-पन्नास भांडी अशीच निघून जायची, मागे उरायची ती स्वयंपाकाची चार. ती करायला बायका होत्या, पण चार भांड्यांना कोणी थकत नाही.

तुमच्या त्या दिवशी अकरा जणांनी आपापलं ताट घासलं असतं तर दहा मिनिटं गेली असती. तूप गोठायच्या आतच घासून झाली असती, कारण ताट गरम असताना तूप सहज सुटतं. जिप्सी सगळ्यांची झाली असती.

सासूबाईंचं खरकट्याचं म्हणणं मला समजतं. त्यांना एक विचारा, रात्रीचं मशीन रात्रीच लावलं आणि सकाळी त्यात खरकटं उरलंच नाही, तर चालेल का. देवाची आणि नैवेद्याची भांडी त्यात घालू नका. निरांजनं, ताम्हन, पंचपात्री यांना चिंच-मीठच हवं.

---

देवासकर

ताई, घरातल्या सगळ्यांची मतं लिहिलीत. बाईंना विचारलंत का?

---

महेश्वर_घाटाजवळ

मी लिहितो ते दुसऱ्या बाजूने. महेश्वरला नर्मदेच्या घाटाजवळ आमचं जुनं घर आहे, त्याच्या तीन खोल्या आणि एक स्वयंपाकघर पाहुण्यांना देतो. इंदूर, धार, बडोद्याहून मराठी कुटुंबं पुष्कळ येतात. वर्षातून दोनदा तरी कोणी विचारतंच, डिशवॉशर का नाही ठेवत?

ठेवावा असं मलाही वाटलं होतं, चौकशी करून झाली. अडचण अशी की घरी तुम्ही मशीन ओळखता, इथे दर तीन दिवसांनी नवीन माणूस येतो. कोणी त्यात हाताने घासायच्या वडीचा चुरा घालणार आणि फेस दारातून बाहेर येणार, कोणी आमची पितळी पातेली घालणार. मीठ संपलंय हे कोणी सांगणार नाही. फेरीच्या मध्ये वीज गेली तर ओल्या, अर्धवट भांड्यांसमोर पाहुणा आणि मी दोघंही उभे. नीट चालवायचा तर एक माणूस त्याच्यावर लक्ष ठेवायला लागेल, आणि माणूस ठेवायचाच तर मला तो गावातला ठेवायचा आहे.

आम्ही वेगळं केलं. गल्लीतल्याच एक ताई सकाळ-दुपार-रात्र येऊन भांडी करतात. त्यांचे पैसे भाड्यात लपवत नाही. घर ठरवतानाच सांगतो की एवढ्या माणसांना रोजचे एवढे, थेट त्यांच्या हातात द्यायचे. काही जण म्हणतात, नको, आम्ही करू. मी विचारतो, तुमच्याकडे कोण करेल? फोनवर जरा वेळ शांतता असते, आणि मग बहुतेक जण हो म्हणतात.

दुसरं, ओट्याच्या नळाला गरम पाण्याची लाइन दिली. खर्च मशीनच्या मानाने काहीच नाही. म्हणून माझा अनुभव सांगतो, घर भाड्याने घेताना डिशवॉशर आहे का हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा : ओट्यावर गरम पाणी येतं का, भांडी करायला कोणी मिळेल का आणि तिला किती द्यायचे, आणि पत्रावळी-द्रोण जवळ मिळतात का. निमाडात पळसाच्या पानांच्या पत्रावळी सहज मिळतात. एका जेवणाची ताटं-वाट्या तिथेच वाचतात आणि ओल्या कचऱ्यात जातात. चकचकीत कागद लावलेल्या मात्र घेऊ नका, त्या कुजत नाहीत. इंदूरकरांना ओला-सुका मी काय शिकवणार, 2017 पासून कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर तुमचा आला.

---

न्यूर्नबर्गहून_इंदूरकर

मूळचा पलसीकर कॉलनीचा, आता जर्मनीत. इथे सुटीचं घर शोधताना डिशवॉशर हवा अशी खूण करता येते आणि आम्ही ती करतोच. ताईंना अपेक्षा चुकीची वाटायचं काही कारण नाही. पण इथलं गणित वेगळं आहे हेही सांगतो. इथे भांडी करायला येणारं कोणी नसतं, आणि निघताना भांडी स्वच्छ करून, मशीन रिकामं करून जा असं बऱ्याच घरांत लिहिलेलं असतं. आम्ही घरून मशीनच्या साबणाच्या चार-पाच गोळ्या डब्यात घालून नेतो, कारण तिथे असतीलच असं नाही. नाश्ता झाला की लावायचं, बटण दाबायचं आणि डोंगरावर जायचं. संथ फेरी तीन तासांच्या वर चालते. ती पाणी कमी तापवून जास्त वेळ फिरवते म्हणून वीज कमी खाते, पण घाई असेल तेव्हा ती लावू नका.

हे यंत्र घडवणारी बाईच होती. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावची जोसेफिन कॉक्रेन. घरच्या चिनी मातीच्या किमती बश्यांचे टवके उडतात म्हणून तिने घरामागच्या शेडमध्ये काम सुरू केलं. नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, तरी तिने ते तडीस नेलं आणि 28 डिसेंबर 1886 ला पेटंट मिळवलं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची मशीनं तिथल्या उपाहारगृहांत चालली. सुरुवातीला ती हॉटेलांनी घेतली, घरांनी फारशी नाही. घराघरांत तेवढं गरम पाणीच नव्हतं.

ही गोष्ट सांगायचं कारण, हे यंत्र मुळात गर्दीच्या भांड्यांसाठी फळलं. माझी आई एकटी राहते, दोन ताटं, एक कुकर, तिला मी घेऊन दिला नाही. तुमचं सहा जणांचं घर, शिवाय ये-जा, म्हणजे रोज रात्री मशीन भरेल. जे भरत नाही ते घेऊ नये, कारण लोक मग दोन दिवस भांडी साठवतात, वास येतो, आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतं.

---

टिळकनगरची_ताई (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिलं नाही, कारण देवासकरांच्या एका ओळीने मला गप्प केलं. खरंच विचारलं नव्हतं. चौदा वर्षं ज्या बाई भांडी करतात त्यांच्याबद्दल आम्ही सहा जण बोलत होतो, त्या शेजारच्या खोलीत फरशी पुसत असताना.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं. मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, "दीदी, बर्तन छूट जाएँ तो अच्छा ही है, रात को हाथ जलते हैं। बस पगार मत काटना।" एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पोळ्या मला येतात, भाजी चिरून देते, संध्याकाळी सूनबाई येईपर्यंत कणीक-भाजी तयार ठेवीन. ठरलं. पगार तोच. कढई, तवा, कुकर त्या करतील, ताटं-वाट्या-पेले मशीनला. हातांसाठी रबरी मोजे आणले. त्यांना आधी निसटते वाटले, आता एका मापाने लहान आणलेत ते बसतात. त्वचेच्या डॉक्टरांकडेही नेलं, मलम दिलंय.

सुदामानगरच्या दादांचं ऐकून बादल्या मोजल्या. रात्रीच्या भांड्यांना अडीच बादल्या, म्हणजे पन्नास लिटर. ह्यांनी स्वतः वहीत लिहिलं आणि वही मिटून म्हणाले, बरं. पाण्याची पट्टीही आणली. आमचं बोरिंग त्यांच्यासारखंच निघालं.

सासूबाईंना आजींचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, रामबागेत कुठल्या वाड्यातल्या त्या? मग म्हणाल्या, रात्री लावा आणि सकाळी माझ्या आंघोळीच्या आत रिकामं करा. देवाची भांडी त्यांच्याकडेच राहतील. आणि आजींचा दंडक त्यांनी लगेच नातवाला लागू केला. चार दिवस झाले, तो आपलं ताट झाडून ओट्यावर नेऊन ठेवतो, त्याचे आजोबाही. सुनेला मी वेगळं विचारलं. ती म्हणाली, आई, मला मशीन हवंच होतं, पण मी मागितलं तर आळशी वाटेन असं वाटलं. तिने हे तीन महिने मनात ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं, तिला जवळ घेतलं.

सुटीचं. महेश्वरच्या दादांचं पटलं, आता बंगल्यात मशीनचा आग्रह नाही. या डिसेंबरात पुन्हा पचमढी ठरवतोय, तेच अकरा जण. घर बघतानाच मुलाने ते तीन प्रश्न विचारले. ओट्यावर गरम पाणी आहे, भांड्यांना एक ताई येतील, त्यांचे पैसे आम्ही वेगळे देणार. धूपगडच्या दिवशी दुपारी खिचडी-कढी, पत्रावळीवर. मी ग्वाल्हेरला फोन करून जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, सूर्य किती वाजता मावळतो तिथे डिसेंबरात?

मशीन मंगळवारी येतंय. जागा मोरीशेजारी काढली, जुना गव्हाचा कोठा हलवला. आता एकच अडलंय. पाइपला पाऊण इंची नळ लागतो असं कागदावर आहे, आमचा जुना पितळी नळ आहे आणि प्लंबर रविवारशिवाय येत नाही. अर्धा इंच की पाऊण हे घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि अर्धा निघाला तर जोड लावून चालतो का? दादा, तेवढं सांगा.